धावण्याची किंमत: ‘लुनार: ड्रॅगन साँग’ का फसला?

बंदरावरचं गाव मागे पडतं आणि गेमचा नायक जियान मोकळ्या वाटेला लागतो. समोर अजून एकही राक्षस नाही. वाट लांब आहे म्हणून आपण सवयीने धावण्याचं बटण दाबतो. जियान पळू लागतो आणि त्याबरोबर त्याचा एचपी, म्हणजे अंगात किती जीव उरलाय तो आकडा, उतरू लागतो. कुणी मारलेलं नाही, विष चढलेलं नाही, सापळ्यात पाय पडलेला नाही. पोरगा फक्त धावलाय. बटण सोडलं की घसरण थांबते, पुन्हा दाबलं की पुन्हा सुरू.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपल्याकडूनच काहीतरी चुकलं. बटण चुकलं असेल, किंवा जियानला काही आजार असेल आणि पुढे कथेत त्याचा उलगडा होईल. तसं काही नव्हतं. हा या गेमचा नियम होता आणि शेवटपर्यंत तोच राहिला.

हा गेम म्हणजे ‘लुनार: ड्रॅगन साँग’. निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर तो ऑगस्ट २००५ मध्ये जपानात ‘लुनार जेनेसिस’ या नावाने आला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ‘ड्रॅगन साँग’ म्हणून. युरोपात २००६ मध्ये पुन्हा ‘जेनेसिस’ हेच नाव लागलं. गेम आर्ट्स आणि जपान आर्ट मीडिया यांनी तो बनवला. जपानात मार्व्हलस इंटरअॅक्टिव्हने आणि अमेरिकेत युबिसॉफ्टने तो बाजारात आणला. डीएस बाजारात येऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या यंत्रावर जुन्या वळणाचा, पाळीपाळीने लढायचा आरपीजी (पात्रांची भूमिका घेऊन, त्यांची ताकद वाढवत खेळायचा गेम) हवा म्हणून लोक वाट पाहत होते, आणि अगदी सुरुवातीला जे एकदोन आले त्यांत हा होता. त्यात नाव ‘लुनार’ या लाडक्या मालिकेचं. अपेक्षा किती असतील ते सांगायला नको.

माझ्या हातात तो २००८ साली आला. मामेभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीवर आला होता. त्याने स्वतःचा वापरलेला डीएस आणि गेमच्या कार्डांची एक छोटी पिशवी मला देऊन टाकली. त्याच्याच प्लेस्टेशनवर मी ‘सिल्व्हर स्टार स्टोरी’, म्हणजे ‘लुनार’च्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती, दोनदा संपवलेली होती, त्यामुळे पिशवीतून सगळ्यात आधी हेच कार्ड उचललं. गेम मी शेवटपर्यंत खेळलो, काही भाग दोनदा. तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही: मालिका तीच, बनवणारी मूळ कंपनीही तीच, कल्पना वाईट नाहीत, मग हा गेम खेळताना जीव इतका का शिणतो?

आधी ‘लुनार’ लोकांच्या जिवाभावाची का होती ते सांगायला हवं, कारण नुसत्या वाईट गेमची दखल कोण घेतं?

पहिला ‘लुनार: द सिल्व्हर स्टार’ १९९२ साली सेगाच्या मेगा-सीडीवर आला. गेम आर्ट्स आणि स्टुडिओ अॅलेक्स यांचं ते काम, आणि कथा केई शिगेमा यांची. सीडीवर जागा भरपूर होती. म्हणून पात्रं बोलत होती, मधूनमधून हलती चित्रदृश्यं येत होती, गाणी होती. कथा मात्र साधी होती. बर्ग नावाच्या लहान गावातला अॅलेक्स नावाचा मुलगा. डाइन या ड्रॅगनमास्टरसारखं (ड्रॅगनांची शक्ती लाभलेला, देवीचं रक्षण करणारा वीर) आपणही व्हावं हे त्याचं स्वप्न. सोबत लहानपणापासूनची मैत्रीण लुना आणि नॉल नावाचा, मांजरासारखा दिसणारा, पंख असलेला, बडबड्या सोबती. पुढे देवी अल्थीना, चार ड्रॅगन, विश्वासघात असं सगळं येतं, पण मनात राहतं ते बर्ग. १९९४ मध्ये दुसरा भाग आला, ‘इटर्नल ब्लू’. नंतर दोन्ही नव्याने बांधून सॅटर्न आणि प्लेस्टेशनवर आले.

अमेरिकेत हे गेम इंग्रजीत आणले वर्किंग डिझाइन्स या कॅलिफोर्नियातल्या रेडिंगच्या छोट्या कंपनीने. १९९९ साली त्यांनी ‘सिल्व्हर स्टार स्टोरी’ची जी पेटी काढली तिच्यात गेमच्या डिस्कसोबत संगीताची सीडी, गेम कसा बनला त्याची सीडी, कापडावर छापलेला नकाशा आणि पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक होतं. मामेभावाच्या घरी तो नकाशा भिंतीवर लावलेला होता. कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं पडली होती आणि घडीच्या जागी रंग थोडा उडाला होता. गेम संपल्यावरही भिंतीवर राहावं असं त्यात काहीतरी होतं.

खेळतानाही हाच जिव्हाळा जाणवायचा. गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलता यायचं, आणि कथा जरा पुढे सरकली की त्याच माणसांच्या तोंडी नवी वाक्यं यायची. एखादा दुकानदार, एखादी आजी, दारात उभी असलेली पोरं, सगळ्यांना आपल्याबद्दल काहीतरी नवं म्हणायचं असायचं. प्लेस्टेशनवरच्या आवृत्तीत कुठेही सेव्ह करता यायचं. मोकळ्या नकाशावर लढाया नव्हत्याच, आणि गुहांमध्ये राक्षस डोळ्यांना दिसत, म्हणजे चुकवायचे की भिडायचं ते आपल्या हातात. लढाईत अंतराला महत्त्व होतं. तलवारवाला शत्रूपर्यंत पोचायला चालत जायचा, लांब असेल तर त्याची पाळी वाया जायची. म्हणून कोणाला कुठे आणि कोणावर सोडायचं याचा विचार करावा लागे. खेळणाऱ्याचे लाड होत होते, पण त्याला डोकंही चालवायला लावलं जात होतं.

हातात धरून खेळायच्या यंत्रांवरही ही मालिका आधी येऊन गेली होती: १९९६ मध्ये गेम गिअरवर ‘वॉकिंग स्कूल’, २००२ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर ‘लुनार लेजंड’. ‘लेजंड’मध्ये पुष्कळ काही छाटलेलं होतं, पण खेळताना शीण येत नव्हता. तेव्हा ‘छोटं यंत्र, म्हणून छोटा गेम’ ही सबब इथे चालत नाही.

आता ‘ड्रॅगन साँग’कडे येऊ.

काळ पहिल्या गेमच्या हजार वर्षं आधीचा. या जगात माणसांसोबत पशुमानव राहतात. ते अंगापिंडाने दणकट, म्हणून माणसांना कमी लेखतात. जियान कॅम्बेल आणि लुसिया कॉलिन्स ही दोन तरुण पोरं ‘गॅड्स एक्सप्रेस’ नावाच्या माल पोचवणाऱ्या कंपनीत कामाला आहेत. (‘इटर्नल ब्लू’मधली लुसिया वेगळी. जुन्या चाहत्यांचा इथे थोडा गोंधळ होतो.) पुढे व्हाइल ट्राइब या शत्रू टोळीचा इग्नेशियस येतो आणि कथा मोठी होते.

मला ही सुरुवात आवडते, मनापासून आवडते. राजपुत्र नाही, निवडलेला वीर नाही, तर कुरिअरवाला मुलगा. ज्या समाजात माणूस म्हणून तो खालच्या पायरीवर आहे तिथे दारोदार जाऊन लोकांच्या वस्तू पोचवतो. जग दाखवायला याहून चांगला नायक कुठला? त्याच्यासाठी प्रत्येक दार उघडतं, प्रत्येक गावात त्याला काम असतं. मालिकेचं जे बलस्थान होतं, म्हणजे साध्या माणसांशी साध्या गप्पा, ते या धंद्यात आपोआप बसलं असतं.

पण गेम या धंद्याचं काय करतो ते पाहा. राक्षस मारून पैसे मिळत नाहीत. पैसे मिळतात ते फक्त माल पोचवून. गॅड्स एक्सप्रेसमध्ये काम घ्यायचं: अमक्या माणसाला अमक्या वस्तू इतक्या नग हव्यात. त्या वस्तू राक्षसांकडून मिळतात, आणि इथे दुसरा नियम आडवा येतो. लढाईआधी आपल्याला ठरवावं लागतं की आपण कुठल्या पद्धतीने लढतोय. ‘व्हर्च्यू’ पद्धतीत अनुभव मिळतो, म्हणजे लेव्हल वाढते, पण वस्तू मिळत नाहीत. ‘कॉम्बॅट’ पद्धतीत वस्तू मिळतात, पण अनुभव मिळत नाही.

दुसऱ्या बहुतेक आरपीजींत एकच लढाई दोन्ही देते, थोडा अनुभव आणि थोडी कमाई. इथे त्याच राक्षसाला दोनदा मारायचं. एकदा अंगात ताकद येण्यासाठी आणि एकदा खिशात पैसे येण्यासाठी. वर ही निवड आहे असं गेम भासवतो. खरं तर ती निवड नव्हेच, कारण दोन्हींची गरज आहे. ताकद नसेल तर पुढचा बॉस, म्हणजे वाटेतला मोठा शत्रू, मारतो आणि पैसे नसतील तर हत्यार घेता येत नाही. जी गोष्ट शेवटी करावीच लागणार आहे ती आधी करायची की नंतर, एवढंच आपल्या हातात उरतं.

लढाईत आणखी एक गोष्ट हातातून काढून घेतली आहे, आणि माझ्या मते या गेमची सगळ्यात मोठी चूक तीच. कोणावर वार करायचा ते आपल्याला ठरवता येत नाही. ‘हल्ला’ म्हटलं की पात्र स्वतःच कुठलातरी शत्रू निवडतं आणि त्याच्यावर जातं.

यात काय बिघडलं असं वाटेल, म्हणून छोटा हिशेब मांडतो. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. समोर तीन राक्षस आहेत, प्रत्येकाचा एचपी ३०. आपली दोन पात्रं आहेत, प्रत्येकाचा वार १५ चा, आणि प्रत्येक फेरीत आधी आपण मारतो, मग जे जिवंत उरतील ते उलटून मारतात. दोघांनी मिळून एकेकाला लक्ष्य केलं तर पहिल्या फेरीत एक पडला, उरलेल्या दोघांनी दोन वार केले. दुसऱ्या फेरीत दुसरा पडला, उरलेल्याने एक वार केला. तिसऱ्या फेरीत तिसरा संपला. आपण एकूण तीन वार सोसले. आता वार विखुरले असं धरा. पहिल्या फेरीत दोन राक्षसांना एकेक फटका, मेला कुणीच नाही, तीन वार आपल्यावर. दुसऱ्या फेरीत तिसऱ्याला एक फटका, पहिल्याला दुसरा फटका, म्हणजे एक मेला, दोन वार आपल्यावर. तिसऱ्या फेरीत उरलेले दोघेही संपले. फेऱ्या तेवढ्याच, तीन. सोसलेले वार मात्र पाच.

तीन आणि पाच यांतला जो फरक आहे, तोच पाळीपाळीच्या लढाईतला खेळ. आधी कोणाला संपवायचं, मंत्र टाकणाऱ्याला की दणकट दिसणाऱ्याला, अर्धमेल्याला की ताज्याला, हे ठरवण्यातच सगळी मजा. ती काढली की उरतं ते नशीब. कधी तीन वार, कधी पाच, आणि आपण बटण दाबून बघत बसायचं. मला आठवतंय, एका गुहेत एक राक्षस जेमतेम धुगधुगी धरून होता, आणि माझी दोन्ही पात्रं त्याला सोडून शेजारच्या ताज्या राक्षसावर तुटून पडली. मग त्या धुगधुगी धरलेल्याने उठून लुसियाला झोपवलं. हरल्याचं दुःख नव्हतं. त्यात माझं काही चुकलं असतं तर पुढच्या वेळी सुधारलो असतो. तिथे सुधारण्यासारखं काही नव्हतं, हे बोचलं.

आता हे नियम एकमेकांत कसे गुंततात ते बघा. हा गेम सुटा सुटा बघून कळत नाही.

लक्ष्य निवडता येत नाही, म्हणून लढाईत गरजेपेक्षा जास्त एचपी जातो. एचपी कमी झाला, म्हणून धावणं परवडत नाही. चालायचं तर वाट दुप्पट वाटते. मधले राक्षस नकाशावर दिसतात, पण त्यांना चुकवायला धावावं लागतं आणि धावायला एचपी लागतो. लढाईतून पळायचं असेल तर डीएसच्या माइकमध्ये फुंकायचं. त्यातच काही राक्षस असे आहेत की ते अंगावरचं चिलखत किंवा हातातलं हत्यार तोडून टाकतात. तुटलं म्हणजे गेलं, नवीन घ्यायचं. नवीन घ्यायला पैसे हवेत, पैशांसाठी माल पोचवायचं काम घ्यायचं. त्यासाठी वस्तू हव्यात, त्यासाठी कॉम्बॅट पद्धतीने लढायचं, ज्यात अनुभव मिळत नाही. म्हणजे तासभर राबून आपण त्याच लेव्हलवर आणि तेच हत्यार हातात धरून, जिथे होतो तिथेच. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथेच असतो, तसं.

माझं म्हणणं एवढंच आहे: या गेममध्ये प्रत्येक गोष्टीला किंमत आहे आणि जवळजवळ कुठेच निवड नाही. किंमत मोजायला खेळणाऱ्याची हरकत नसते. चांगले आरपीजी भरपूर किंमत मोजायला लावतात. पण किंमत मोजताना ‘हे घेऊ की ते’ असा प्रश्न समोर असेल तर तो खेळ होतो. प्रश्नच नसेल आणि नुसती वसुली असेल, तर ती हमाली होते.

याला याच मालिकेतला एक दाखला आहे, आणि म्हणून मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ‘इटर्नल ब्लू’ १९९५ साली अमेरिकेत सेगा सीडीवर (मेगा-सीडीचं तिथलं नाव) आला तेव्हा वर्किंग डिझाइन्सने त्यात एक बदल केला होता. गेम सेव्ह करायचा तर मंत्रशक्ती वाढवण्यासाठी साठवलेले गुण खर्च करावे लागत. जपानी आवृत्तीत ही अट नव्हती. सेव्ह करणं म्हणजे धावण्याइतकीच साधी गोष्ट, आणि तिच्यावर कर. चाहत्यांना ते रुचलं नव्हतं आणि नंतरच्या प्लेस्टेशन आवृत्तीत ते नव्हतं. तरी त्या गेमवर कुणी डूख धरला नाही, लोक आजही त्याला मालिकेतला सर्वोत्तम भाग म्हणतात.

का? एक तर तिथे खरा प्रश्न होता. आत्ता सेव्ह करून गुण खर्चू, की आणखी एक मजला उतरून बघू? जोखीम आणि बचत यांतली ती निवड होती. चिडचिड व्हायची, पण विचारही व्हायचा. दुसरं म्हणजे त्या एका कराच्या भोवती बाकी सगळं भरभरून होतं. बोलणारी पात्रं, चित्रदृश्यं, दर घटनेनंतर बदलणारी गावं. भरल्या घरात एखादी कटकट माणूस खपवून घेतो. ‘ड्रॅगन साँग’मध्ये ते भरलेपण नाही. आवाज नाहीत, चित्रदृश्यं नाहीत. लोक बोलतात, पण बर्गच्या लोकांसारखे नाही. खेळणाऱ्याकडून घेतलं जातं पुष्कळ आणि त्याच्या पदरात पडतं फार थोडं.

कुणी म्हणेल, डीएसच्या छोट्या कार्डावर आवाज आणि चित्रदृश्यं कुठून बसवणार? मान्य. त्या काळी कार्डावरची प्रत्येक मेगाबाइट पैशात मोजावी लागायची, आणि सीडीची ऐसपैस जागा तिथे नव्हतीच. पण ज्या गोष्टींनी हा गेम फसला त्यांतल्या एकीलाही जागा लागत नाही. शत्रू निवडायला एक बाण लागतो, जो बहुतेक आरपीजींत आरंभापासून आहे. धावणं फुकट ठेवायला काहीच लागत नाही, उलट एक नियम कमी होतो. एकाच लढाईतून अनुभव आणि वस्तू दोन्ही देणं म्हणजे दोन पद्धतींऐवजी एक. ही काटकसर नव्हती. हे नियम कुणीतरी मुद्दाम, विचार करून घातलेले होते.

मग त्यांनी असं का केलं असेल? बनवणाऱ्यांच्या मनात शिरता येत नाही, पण नियमांकडे बघून माझा तर्क असा आहे. राक्षस डोळ्यांना दिसत असतील आणि धावून त्यांना चुकवता येत असेल, तर खेळणारा सगळ्यांना चुकवून थेट बॉसपाशी जाऊन उभा राहील, ही भीती खरी आहे. धावण्यावर किंमत लावली की ती भीती मिटते. दोन पद्धतींची कल्पनाही मुळात वाईट नाही. हातातल्या यंत्रावर माणूस दहा मिनिटं खेळतो, तेव्हा ‘आज लेव्हल वाढवू’ किंवा ‘आज माल गोळा करू’ असं ठरवून बसता आलं तर बरंच. व्हर्च्यू पद्धतीत एका भागातले सगळे राक्षस वेळेत संपवण्याचं आव्हान आहे, आणि ते मला खरोखर रंगतदार वाटलं. घड्याळाकडे बघत, शेवटचा एक राहिलाय म्हणून कोपऱ्याकडे धावताना छाती धडधडते. पण तिथेही धावताना एचपी जातोच. चांगल्या नियमाच्या पायात वाईट नियमाने बेडी घातली आहे.

माइकमध्ये फुंकण्याचंही तसंच. डीएस नवा होता, दोन पडदे, स्पर्श ओळखणारा खालचा पडदा आणि माइक, आणि प्रत्येक गेमला ते सगळं वापरून दाखवायचं होतं. पळून जायला फुंकर ही कल्पना गोड आहे. पण रात्री बारानंतर शेजारी बहीण झोपलेली असताना अंधारात मी यंत्रात फुंकर मारत बसायचो, आणि ती कूस बदलायची. आई एकदा दारात येऊन विचारून गेली, बरं वाटत नाही का रे? हातात धरून खेळायचा गेम लोक कुठे खेळतात, याचा विचार कुणीतरी करायला हवा होता. गाडीत, वर्गात मागच्या बाकावर, पांघरुणाखाली. तिथे फुंकर मारता येत नाही.

तरीही या गेममध्ये एक जागा आहे जी मी विसरलेलो नाही. माल पोचवायला एखाद्या पशुमानवाच्या दारात गेल्यावर त्याच्या बोलण्यात जो तुच्छपणा असतो, आणि तरी जियान काम करून निघून येतो, त्यात एक खरं काहीतरी आहे. ज्याला रोज कुणाच्या तरी दारात उभं राहून ‘सही करा’ म्हणावं लागतं, त्याला ते कळेल. या जगाला, या मुलाला जरा श्वास घ्यायला मोकळी जागा मिळाली असती तर हा भाग मालिकेत ताठ मानेने उभा राहिला असता. म्हणूनच चीड कमी आणि हळहळ जास्त वाटते.

गेम आला त्याच वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, वर्किंग डिझाइन्सने दुकान बंद केलं. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, कारण ‘ड्रॅगन साँग’ त्यांच्याकडे नव्हताच. पण अमेरिकेतल्या चाहत्यांसाठी ते दोन धक्के चार महिन्यांच्या आत बसले. ज्या नावाने कापडी नकाशे दिले त्या नावाचा हा नवा भाग, आणि ते नकाशे देणारे लोकही गेले. डीएसवर मात्र पुढे आरपीजींची रांग लागली. २००६ मध्ये ‘फायनल फँटसी ३’ नव्या रूपात आला, मग पोकेमॉनचे नवे भाग, २००९ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट ९’. त्याच छोट्या पडद्यांवर, तशाच कार्डांवर. यंत्र अपुरं नव्हतं हे त्यांनी दाखवून दिलं.

‘लुनार’ची नवी कथा घेऊन त्यानंतर एकही भाग आलेला नाही. २००९ साली पीएसपीवर ‘सिल्व्हर स्टार हार्मनी’ आली, पण ती पुन्हा अॅलेक्स आणि लुनाचीच गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये दोन जुन्या गेमचा उजळलेला संच निघाला, स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीसाठी. त्यात लढाया वेगाने पुढे नेण्याची सोय आहे. म्हणजे वीस वर्षांनी कुणीतरी खेळणाऱ्याच्या वेळेचा विचार केला. ‘ड्रॅगन साँग’ त्या संचात नाही.

तो खेळायचा तर जुनं डीएस कार्ड मिळवावं लागतं. ते डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएसमध्येही चालतं. माझं कार्ड अजून शाबूत आहे, लेबलचा एक कोपरा उचकटलाय इतकंच. कधीतरी कुणी या गेमला हात लावला तर मला फार नको आहे. आवाज नकोत, चित्रदृश्यं नकोत. शत्रू निवडायला एक बाण द्या, लढाईतून दोन्ही गोष्टी मिळू द्या आणि त्या पोराला धावू द्या. मी पहिल्या दिवशी विकत घेईन आणि गॅड्स एक्सप्रेसचं प्रत्येक पार्सल पोचवीन.